बॅटरीची तहान

मुरबाडहून शहापूरला जाणारा रस्ता सरळगाव, किन्हवली असा जातो. चैत्र सरता सरता त्याच्या दुतर्फा माळ करपून जातात आणि भर दुपारी तेथे चिटपाखरूही दिसत नाही. या रस्त्यालगतच्या एका गावात माझे घर आहे. सेवानिवृत्त झाल्यावर मी एक जुनी मोटार घेतली व ती पत्र्याच्या छपराखाली ठेवू लागलो. मोटारीला सावली दिली की आपले कर्तव्य संपले, असा माझा समज होता. वैशाखात पत्र्याखाली कशी भट्टी पेटते, हे मला कळायला हवे होते. पत्र्याखालच्या वर्गांतच माझे आयुष्य गेले!

ही २०१९ च्या मे महिन्यातील गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास शेजारीण धावत आली. "गुरुजी, पोराला इंचू चावला. गाडी काढा!" मुलगा घामाने निथळत होता, हातपाय गार पडले होते. मी किल्ली फिरवली. 'टक्' असा आवाज झाला आणि दिवे मिणमिणले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्या माउलीकडे मला पाहवेना.

अखेर पाचसहा जणांनी गाडी उतारावर ढकलली. दुसरा गिअर टाकून क्लच सोडताच इंजिन धडधडले. रुग्णालयाच्या दारात मुलाला उतरवून घेईपर्यंत मी ते बंद करण्याचे धाडस केले नाही. मुलगा वाचला.

दुसऱ्या दिवशी शहापुरात मिस्त्रीकडे गेलो. हा माझा जुना विद्यार्थी. मराठीत मी त्याला दोनदा नापास केले होते. बॅटरीची सहा बुचे काढून त्याने आत विजेरीचा झोत टाकला.

"सर, हिला पाणी कधी पाजलंत?"

"फाल्गुनात. आमच्या विहिरीचे, अगदी गोड पाणी!"

त्याने कपाळावर हात मारला आणि पुढचा अर्धा तास माझाच वर्ग घेतला. बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या गंधकाम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात बुडालेल्या असतात, आणि एकेका घरातून सुमारे दोन व्होल्ट वीज मिळते. प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही युक्ती शोधली. उन्हाळ्यात त्या मिश्रणातील पाणी उडून जाते, आम्ल मात्र मागे राहते. पट्ट्या उघड्या पडल्या की निकामी होऊ लागतात. आमच्या गोड पाण्यातील क्षारांनी त्यांचा नाश अधिकच ओढवला होता. तेथे ऊर्ध्वपातित पाणीच हवे आणि तेही पट्ट्या बुडण्यापुरतेच; वरून आम्ल घालणे म्हणजे रोग्याला विष देणे. शिवाय उष्णतेने आतली झीजही वाढते. उष्णता दहा अंशांनी वाढली, तर बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. बुचे नसलेल्या नव्या बॅटऱ्यांनाही हा ताप चुकत नाही.

"आणि सर, आत बघायला काडी ओढू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, भडका उडेल." मी तीही करणारच होतो, हे मी त्याला सांगितले नाही.

आता गाडी आंब्याखाली असते. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला मी बुचे उघडतो. टोकांवर पांढरीहिरवी बुरशी धरली असेल, तर बुचे घट्ट लावून ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतो. एकदा शेजारीण टँकरवरून हंडे भरून येत असता थबकली. मुंबईला पाणी पाजणारी भातसा आणि तानसा ही धरणे आमच्याच तालुक्यात आहेत; तरी वैशाखात आमच्याकडे टँकरचीच वाट पाहावी लागते. माझ्या हातातील बाटलीकडे पाहून ती म्हणाली, "गुरुजी, गाडीला इकतचं पाणी?" मी काय बोलणार!

तिचा मुलगा मात्र विजेरी धरून माझ्या शेजारी उभा असतो. पट्ट्या बुडाल्या की "पुरे" असे तोच सांगतो.