दुबईची कॅमरी, दिल्लीची डिझेल आणि आपली एमएच ११

'इंपोर्टेड' या शब्दाला आपल्याकडे काय वजन आहे, यार! परफ्यूम असो, चॉकलेट असो नाहीतर शूज... शब्द कानावर पडला की माणूस आपोआप सावरून बसतो. मग गाडी इंपोर्टेड म्हटल्यावर तर विचारूच नका. आणि तीच गाडी सेकंडहँडच्या भावात मिळणार असेल तर? झालं! सातारा-सांगलीतला कुठलाही माणूस हातातला चहा अर्धा टाकून उठेल.

आमच्या घरात हे खूळ शिरलं ते आजीमुळे. आजी विट्याला. तिच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेला झालं आणि दर पंधरा दिवसांनी तिला तिकडे दाखवायला न्यायचं ठरलं. आई साताऱ्यात शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की एसटी, कराडला बदल, मग विटा. रविवारी रात्री परत. मी पुण्यात फ्रीलान्सिंग करते, म्हणजे वेळ भरपूर, पैसे कधी येतील ते संपादकांना माहीत! दर खेपेला भाड्याची गाडी परवडेना. शेवटी आईने दीड लाखाची एफडी मोडायची ठरवली, मी माझ्या साठवलेल्यातले दोन लाख घातले. बजेट साडेतीन लाख. एक रुपया वर नाही. आणि गाडी फसली तर दुसरी एफडी नाही.

दादाची ऑफर

नेमका तेव्हाच दुबईच्या मामेभावाचा फोन. दादा कायमचा परत येतोय. "अगं, माझी कॅमरी घेऊन टाक की! इथे मातीमोल भावात विकण्यापेक्षा घरात राहील. पैसे सावकाश दे."

कॅमरी! आईच्या शाळेत एव्हाना स्टाफरूमपर्यंत बातमी पोचली होती. मी मात्र पत्रकार ना, फुकट काही मिळतंय म्हटलं की आधी नियम वाचायला घेते. आणि नियम वाचता वाचता कॅमरी डोळ्यांदेखत विरघळली.

परदेशातून जुनी गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही. दादाची सहा वर्षांची. स्टिअरिंग उजवीकडेच हवं. दुबईत रहदारी उजव्या बाजूने, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. संपलंच की! पण यादी पुढेही आहे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा, गाडी पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी, आणि ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात. वर तपासणीचे सोपस्कार आहेतच.

एवढ्यातून गाडी पार पडलीच तर कस्टम ड्यूटी. जुन्या गाडीवर ती गाडीच्या किमतीच्या शंभर टक्क्यांहून जास्त बसते. म्हणजे एक गाडी स्वतःसाठी घ्या आणि एकीहून जास्तीचे पैसे सरकारला द्या! सचिनची फेरारी आठवते? ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये मिळालेली ३६० मोडेना. तिच्यावरची १ कोटी १३ लाखांची ड्यूटी सरकारने माफ केल्यावर २००३ मध्ये केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी पैसे फियाट कंपनीने भरायचं ठरलं. सचिनची ही कथा, तिथे आमच्या दादाचं काय?

गंमत म्हणजे जगात हा धंदा जोरात चालतो. जपानमध्ये गाडी जुनी झाली की ठरावीक काळाने होणाऱ्या सक्तीच्या तपासणीचा खर्च अंगावर येतो, लोक गाड्या लवकर काढतात, त्या लिलावात जातात आणि बोटीत बसतात. केनियात आठ वर्षांपर्यंतची जुनी गाडी नेता येते, बांगलादेशात पाच. न्यूझीलंडचे रस्ते तर जपानी जुन्या गाड्यांनी भरलेत. आपण दार जवळजवळ बंद ठेवलं, कारण इथल्या कारखान्यांना सांभाळायचं होतं आणि दुसऱ्यांचं भंगार नको होतं. दार बंद असलं की खिडकी शोधणारे असतातच. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे घातले, ते भूतानमार्गे चोरून आणल्याचा संशय असलेल्या जुन्या आलिशान गाड्यांसाठी. तेव्हा कुणी तुम्हाला 'सेटिंग आहे' म्हणून परदेशी गाडी स्वस्तात देत असेल, तर बॉस, पाय लावून पळा.

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग स्टिअरिंग फिरवून घेऊ उजवीकडे!" मी फोन ठेवला.

विट्याचं 'फॉरेन'

खरं सांगू? आमच्या आजोळी 'बाहेरची गाडी' म्हणजे दुबईची नव्हेच. खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलीत. गलाईवाले म्हणतात त्यांना. कुणी दिल्लीत, कुणी केरळात, कुणी कोलकात्यात. दिवाळीला नाहीतर गावच्या जत्रेला विट्यात चक्कर मारा. डीएल, केएल, टीएन, डब्ल्यूबी... नंबर प्लेटांवर अख्खा भारत दिसेल!

आमचे थोरले मामा दिल्लीतच. ते म्हणाले, "बाळ, इथली डिझेल घे. नऊ वर्षांची, चकाचक, तुझ्या बजेटमध्ये बसते." का बसते, ते इतिहासात आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल ही मर्यादा उचलून धरली. २०२५ मध्ये कोर्टाकडून यावर आणखी आदेश आले, पण दहावं वर्ष जवळ आलं की दिल्लीत डिझेल गाडीचा भाव घसरायचा, हे बाजाराने पाठ करून टाकलं होतं. तीच गाडी आपल्या रस्त्यांवर पुढे वर्षानुवर्षं पळते.

सौदा वाईट नाही हं. ज्यांना हिशेब जमतो त्यांनी जरूर करावा. पण हिशेब पूर्ण करावा! दिल्लीच्या आरटीओची एनओसी हवी. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण त्याच्यामागे मूळ मालकाला लागावं लागणार. त्यात गाडी इथवर आणण्याचा खर्च. मी कागदावर बेरीज केली, मामांची स्वस्त गाडी चार लाखांच्या घरात गेली. शिवाय मीटरवरचा आकडा खरा की फिरवलेला, हे साताऱ्यात बसून कोण बघणार? मामांचं मन मोडलं नाही, फक्त बेरीज वाचून दाखवली. धंद्याचा माणूस, लगेच पटलं.

सांगलीची चकाकी

मग सांगली. धाकटा मामेभाऊ बरोबर. एका गाड्यांच्या अड्ड्यावर आम्हाला ती दिसली, पांढरी हॅचबॅक, सव्वातीन लाख. विकणारा सगळं त्या पोराला सांगत होता, मायलेज, पिकअप, टायर. पोरगं एकोणीस वर्षांचं, त्याच्याकडे लायसन्ससुद्धा नाही! पैसे देणारी मी, पण माझ्या वाट्याला फक्त "मॅडम, कलर बघा ना किती क्यूट आहे."

कलर बघितला. मग ड्रायव्हर सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. बाहेर कधीच न येणारा तो आतला भाग... त्यावर मातकट रेघ. मॅट उचलली, सीटच्या रुळांना गंज. डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ. आणि आत लिंबाच्या फ्रेशनरचा एवढा मारा, की शंका आधीच यायला हवी.

"गाडी पुरातली आहे का?"

"छे छे मॅडम, वॉशिंगचं पाणी असेल."

सांगलीत राहून पूर कुणाला समजावता, काका? २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घरंच्या घरं बुडाली, तिथे पार्किंगमधल्या गाड्या कुठे वाचणार? दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, सांगाडा विकला जातो. तो कुणीतरी धुतो, पुसतो, पॉलिश करतो. पुराची गाडी आज सुरू होते, चालतेही. पण वायरिंग आणि कंट्रोल युनिटमध्ये शिरलेली ओल दोन-चार महिन्यांनी बोलते. कधी? रात्री तासगावच्या रस्त्यावर, मागे खुबा शिवलेली आजी झोपलेली असताना. मला तेवढं चित्र पुरलं. पूर कुणाच्या हातात नव्हता, पण तो लपवून विकणं नक्कीच हातात होतं.

मग घेतली कशी?

सरळ मार्गाने. साताऱ्यात, पोवई नाक्याच्या अलीकडे, आईच्या ओळखीच्या मेकॅनिककडून कळलं. बँकेतून रिटायर झालेले एक काका वॅगन-आर काढत होते. २०१५ ची, पेट्रोल, पहिलाच मालक, एमएच ११. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल फाइलला लावलेलं! एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा बघितला. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी पडताळला. मेकॅनिकला पाचशे रुपये देऊन लिफ्टवर चढवून खालून बघायला लावली. थंड इंजिन सकाळी स्वतः सुरू करून बघितलं, कारण आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. तीन लाख दहा हजारांत सौदा. ट्रान्स्फरच्या २९ आणि ३० नंबर फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे दिले नाहीत. काकांनाही तेच हवं होतं. गाडी त्यांच्या नावावर राहिली आणि उद्या काही झालं, तर नोटीस त्यांच्याच दारात येणार.

उरलेल्या चाळीस हजारांत नवे टायर, विमा आणि आईचा ड्रायव्हिंग क्लास.

हो, गाडी आई चालवते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकली. आजी मिरजेला जाताना पुढच्या सीटवर बसते, कारण "मागून रस्ता दिसत नाही." दुबईचा दादा परवा आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "छोटी आहे गं." आजीने काच खाली केली. "तुझ्यात बसायचं तर डाव्या हाताला ड्रायव्हर. आमची आपली सरळ आहे. बस मागे, दवाखान्याला उशीर होतोय."