पद्मिनीच्या बॅटरीचं वायरिंग

आमच्याकडे बाबांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. कणकवलीत अशा गाड्या आता क्वचितच दिसतात. ही चालती ठेवायची, असं घरात ठरलेलं आहे.

पावसाळ्यात तिचा सेल्फ जड फिरायला लागला. कधी नुसताच टक् आवाज यायचा आणि दिवे मंद व्हायचे. धक्का मारला की सुरू. बॅटरी गेली, नवी टाका, असं जो तो सांगत होता. मलाही ते पटत आलं होतं. तरी आधी ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्याने मीटर लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज. "बॅटरी बरी आसा. आधी अर्थिंग बघूया," तो म्हणाला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून त्याने मला सेल्फ मारायला सांगितला. आकडा तीन व्होल्टांवर गेला. तो अर्ध्या व्होल्टाच्या आत हवा.

अर्थची पट्टी बॉडीला बसते तिथे बोल्टखाली गंज होता. पट्टीच्या तारा हिरव्या पडून अर्ध्याअधिक तुटल्या होत्या. पॉझिटिव्हच्या बोल्टात हॉर्न, टेप, फॉग लॅम्प अशा सगळ्यांच्या वायरी कोंबलेल्या, वर चिकटपट्टी, आणि एकीलाही फ्यूज नाही. अशी वायर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते. याच गाडीतून आम्ही मुलांना घेऊन फोंडाघाट चढतो. पोटात गोळाच आला.

त्याने निगेटिव्ह आधी काढली. मग पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. बॅटरीची झाकणं घट्ट करून टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. पांढरी-निळी भुरी फसफसून निघून गेली. अर्थची पट्टी नवी घातली, तिच्याखालचा पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला. जास्तीच्या वायरी वेगळ्या फ्यूज बॉक्सवर नेल्या आणि बॅटरीवरून तिथे फ्यूज घातलेली एकच जाड वायर दिली. सगळं आवळून वरून व्हॅसलिन लावलं. निगेटिव्ह शेवटी जोडली.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. बॅटरी जुनीच आहे.

आपल्याकडच्या दमट हवेत टर्मिनल लवकर खराब होतात. पावसाआधी आणि दिवाळीत एकदा उघडून साफ करा. आणि नवी बॅटरी घेण्याआधी अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या.