तीन शेपट्यांचं विमान

डिसेंबर उजाडला की नगरच्या सावेडीतल्या शाळांच्या फाटकांपुढं पहाटे एसटीच्या गाड्या उभ्या राहतात. कानटोप्या, डब्यांनी फुगलेल्या पिशव्या, खिडकीच्या जागेवरून भांडणं आणि हजेरी घेता घेता घसा बसलेले शिक्षक. वेरूळ, रायगड, प्रतापगड ही ठिकाणं ठरलेली, ती असावीतच. पण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी या यादीत आणखी एक नाव यायला हवं: गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर असलेलं नौदलाचं विमान संग्रहालय, 1998 साली सुरू झालेलं. आणि तिथं गेल्यावर सगळी विमानं बघायची नाहीत, हेही आधीच ठरवायला हवं. दोन-तीन निवडावीत आणि त्यांच्यापुढं निवांत बसावं. कारण विमानाचा प्रत्येक चमत्कारिक भाग म्हणजे कुणाला तरी पडलेल्या अडचणीचं उत्तर असतं. ती अडचण ओळखायला वेळ लागतो, आणि रांगेनं पुढं सरकणाऱ्या मुलाला आपण नेमका तोच देत नाही.

तिथलं सर्वांत मोठं विमान घ्या, सुपर कॉन्स्टेलेशन. आधी ते एअर इंडियाचे प्रवासी नेत होतं, मग हवाई दलात गेलं आणि 1976 साली समुद्रावर टेहळणी करायला नौदलात आलं. त्याच्या शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख आहेत. का? शोभेसाठी नव्हे. एकच पंख ठेवला असता तर तो इतका उंच झाला असता, की त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेलंच नसतं. म्हणजे आकाशात जाणाऱ्या यंत्राचं रूप जमिनीवरच्या एका दारानं ठरवलं. थोडं पुढं ब्रेगे अलिझे आहे. त्याचे पंख मिटतात, कारण विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या पोटातून डेकवर यायचं तर लिफ्टमध्ये मावायला हवं. सी हॉकच्या शेपटीखाली आकडा आहे, कारण सुमारे 210 मीटर लांबीच्या जहाजावर उतरून जागीच थांबायचं तर डेकवर ताणलेली तार पकडण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि सी हॅरियरच्या कुशीत चार तोट्या आहेत; त्या खाली वळल्या की इंजिनाचा झोतच विमानाला तोलून धरतो आणि ते उभं खाली उतरतं. जागा अपुरी, ही अडचण या सगळ्यांची एकच; उत्तरं मात्र निरनिराळी. कुठल्याही पाठ्यपुस्तकातलं शंभर ओळींचं वर्णन हे इतकं उघड करून दाखवत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आणि अंतराचा येईल, आणि तो खोटा नाही. गोवा जवळ नाही. तरी मनमाडहून येणारी गोवा एक्सप्रेस नगरला थांबते आणि पुणे, मिरज, लोंढा करत वास्कोला पोचते. वास्कोहून संग्रहालय काही किलोमीटरवर. ज्या शाळेला एवढंही झेपणार नाही, तिनं खट्टू होऊ नये. फराहबागेजवळ 1994 पासून रणगाडा संग्रहालय उभं आहे, आणि सावेडीतून तिथं जाऊन दुपारच्या डब्याला परत येता येतं. तिथंही हाच प्रश्न विचारायचा: हे असं का? पोलाद तिरकं का बसवलंय? या रणगाड्याची मान बुटकी का, त्याची उंच का? रणगाड्यापुढं ही सवय लागली तर विमानापुढं शिक्षकाला फार बोलावं लागत नाही. नगरच्याच वाहन संशोधन संस्थेनं, म्हणजे व्हीआरडीईनं, ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाच्या इंजिनावर काम केलं आहे. तेव्हा विमान ही आपल्या गावाला अगदीच परकी गोष्ट, असं म्हणायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ही सारी युद्धाची यंत्रं, कोवळ्या मुलांना ती कशाला दाखवायची? यातली भीती खरी आहे. नुसत्या टाळ्या वाजवून घरी आणलं, तर मुलं शौर्याची चित्रं घेऊन येतील आणि त्याची किंमत तिथंच सोडून येतील. पण उपाय विमान लपवणं हा नाही. 1971 च्या युद्धात अलिझे आणि सी हॉक जातीची विमानं विक्रांतवरून उडाली, आणि 10 डिसेंबरला एक अलिझे तीन जणांसह पाडलं गेलं. ते परतलं नाही. मिटणाऱ्या पंखांचं कौतुक करणाऱ्या मुलाला हेही कळायला हवं, की त्या विमानाच्या अरुंद खोबणीत माणसं बसत होती. विक्रांतचं काय झालं तेही सांगावं: 1997 साली निवृत्ती, मग मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून मुक्काम, आणि 2014 साली भंगारात रवानगी. जहाज गेलं, विमानं उरली. जपायचं काय, याचा निर्णयही शेवटी माणसंच घेतात.

तिसरा आक्षेप आजचा आहे: मोबाइलवर सगळं दिसतं. दिसतं खरं, पण पडद्यावर कोणतंही विमान तळहाताएवढंच असतं आणि कॅमेरा जिथं नेईल तिथंच नजर जाते. वाकून पोटाखाली डोकावायचं की मागं सरून शेपटी बघायची, हे उभ्या यंत्रापुढं मूल स्वतः ठरवतं. शिवाय पडद्यावर खरं आणि रचलेलं शेजारी शेजारी नांदतं. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, हा दावा आपल्याकडं अभिमानानं सांगितला जातो. त्या यंत्राचा एक सुटा भागही आज आपल्यापुढं नाही; आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी ही गोष्ट जोडली जाते, त्यातली विमानं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 साली काढला. तळपद्यांच्या धडपडीला हसायचं कारण नाही. पण पुरावा म्हणजे काय, हे मुलाला एकदा खऱ्या रिव्हेटला हात लावून कळलं, की दावा आणि वस्तू यांतला फरक ते आपसूक करू लागतं.

तेव्हा सावेडीतल्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना विनंती एवढीच: सहलीहून आल्यावर दहा ओळींचा निबंध मागू नका. निघण्याआधी प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्या आणि त्याचं उत्तर त्यानं यंत्रापुढं उभं राहूनच शोधावं असं सांगा. विमानं कमी बघून झाली तरी चालेल. प्रश्न कमी पडता कामा नयेत.