सायीचा रंग

पन्हाळ्यावर ऑक्टोबर लागला की धुके विरळ होते आणि पावसाळाभर दडून बसलेले रंग एकेक करून पुन्हा दिसू लागतात. गेल्या वर्षी त्याच दिवसांत अण्णांनी घरची जुनी गाडी रंगवायला काढली. गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, १०८९ सीसीचे इंजिन. पावसाळ्यात रंगकाम काढायचे नाही, हे मिस्त्रींनी आधीच बजावले होते. दमट हवेत ताज्या रंगावर दुधी झाक धरते आणि चमक मरते.

या गाडीचा घरात मान होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्याने बनलेल्या गाड्या देशभर धावू लागल्या आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. अण्णांचे वडील आप्पा यांची कोल्हापुरात गुळाची अडत होती. नंबर लागला तेव्हा त्यांनी गाडी थेट गडावर आणली आणि आधी आईला तीत बसवून तीन दरवाजापर्यंत फेरी मारली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, ती बातमी वाचली त्या दिवशी अण्णांनी पडवीतल्या गाडीवरचा कापडी झाकण काढून तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. गाडी पांढरीशुभ्र होती, आणि तिथेच खरा सल होता. ती मुळात तशी नव्हतीच.

१९८५ च्या श्रावणात, दाट धुक्यात, अण्णांनी गाडी एका दगडी कुंपणाला घासली होती. डावे दार खरवडून निघाले. आप्पा तेव्हा आठ दिवस परगावी होते. त्यांना कळायच्या आत दार दुरुस्त करून रंगवायचे, एवढेच त्या तरुण डोक्यात होते. दार रंगवून झाले. गॅरेजातल्या ट्यूबलाइटखाली ते बाकीच्या गाडीशी जुळलेही. उन्हात आणले तर वेगळे दिसू लागले. मग घाईघाईने सगळी गाडीच पांढऱ्या रंगाने मारून घेतली. पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले. आप्पा परतले ती दिवेलागणीची वेळ होती. ओट्यावर उभे राहून त्यांनी गाडीकडे पाहिले आणि म्हणाले, “गाडी धुतलीस वाटतं.” त्याहून अधिक ते कधीच काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात अण्णा हप्ता द्यायला गेले तेव्हा गॅरेजवाल्याने सांगितले, “आप्पांनी सगळे चुकते केले.”

गुळाच्या व्यापाऱ्याची नजर ती. रवा फोडून आतला रंग पाहून भाव सांगणाऱ्या माणसाला दोन पांढऱ्यांतला फरक कळला नसेल, असे मानणे शक्यच नव्हते. तरी बापलेकांत तो विषय निघाला नाही. आप्पा गेले, त्यालाही आता वीस वर्षे होत आली.

म्हणूनच या वेळी मूळ रंगच हवा होता. पण तो कोणता? आर.सी. पुस्तकात रंगाच्या रकान्यात एकच शब्द होता: पांढरा. निपाणीहून आक्कांनी फोनवर सांगितले, “सायीचा होता रे. तापलेल्या दुधावरच्या सायीचा.” मुलाच्या मते हस्तिदंती, तर सूनबाईंनी शेड-कार्डावर बोट ठेवून सुचवलेला रंग बदामाच्या गराकडे झुकणारा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले रंगमिस्त्री या सगळ्यांचे शांतपणे ऐकून घेत होते. ते म्हणाले, “अण्णा, पांढऱ्याचा ऑफ-व्हाइट करायला चिमूटभर रंग पुरतो, आणि चुकायलाही तेवढाच.” पिवळा वाढला की रंग लोण्यावर जातो, काळा वाढला की राखेवर, आणि तांबड्याचा एक थेंब जास्त झाला तर गाडी गुलाबी भासते. ओला रंग वेगळा, वाळलेला वेगळा. कार्डावरच्या टिकलीएवढ्या तुकड्यावरून निवडलेला रंग बॉनेटवर पसरला की अधिक उजळ दिसतो.

मागचे आसन काढल्यावर पत्र्यावर तळहाताएवढा मूळ रंग सापडला. १९८५ ची फवारणी तिथपर्यंत पोहोचली नव्हती. सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला. मिस्त्रींनी मान हलवली. उजेड न लागलेला जुना रंग कधीकधी अंधारातच पिवळा पडतो, आणि उन्हातला रंग विटून फिका होतो. रंग मोजणारे यंत्रसुद्धा आज समोर आहे तेच मोजणार, त्या दिवशी काय होते ते नाही. तेव्हा त्यांनी पत्र्याच्या तीन तुकड्यांवर तीन रंग मारून दिले: एक सापडलेल्या रंगाशी तंतोतंत जुळणारा, दुसरा त्याहून किंचित उजळ, तिसरा आणखी उजळ.

अण्णांनी ते तुकडे गडावर आणले. पहाटेच्या धुक्यात तिन्ही सारखेच दिसले. दुपारच्या उन्हात पहिला मळकट वाटला. घरातल्या दिव्याखाली तिसरा १९८५ च्या पांढऱ्यासारखा बोचू लागला. पाच दिवस ते तुकडे ओट्यावर होते. सूनबाईंनी विचारले, “पहिलाच घ्यायचा ना? तोच तर खरा सापडलेला.” अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तो आजचा खरा. आप्पांनी गाडी आणली तेव्हा ती नवी होती. जुनेपण आपण रंगवून आणायचे नसते. ते आपल्या पायांनी येते.” त्यांनी मधला तुकडा उचलला.

दिवाळीनंतर गाडी घरी आली. मुद्दाम तिन्हीसांजेला आणली होती असे नव्हे, घाटात उशीर झाला एवढेच. आक्का निपाणीहून आल्या होत्या. त्या ओट्यावर उभ्या राहून बराच वेळ पाहत राहिल्या आणि हसून म्हणाल्या, “गाडी धुतलीस वाटतं.”

अण्णांनी चावी हातातच धरली होती. ते म्हणाले, “नाही आक्का. त्या वर्षी मी दार घासलं होतं. आप्पांना सांगायचं राहिलं.”

“माहीत आहे मला,” आक्का म्हणाल्या. “त्याच रात्री जेवताना आप्पा आईला म्हणाले, पोराला लागलं नाही ना, तेवढं बघ.”

चाळीस वर्षे अण्णा त्या मौनाला राग समजत आले होते. मनातली चूक वेळीच बोलून टाकली असती तर तो प्रश्न त्याच रात्री संपला असता. त्यांनी डावे दार उघडले आणि आक्कांना आत बसवले. गाडी तीन दरवाजाकडे निघाली तेव्हा पुरेसा उजेड उरला नव्हता. रंग नेमका कोणता, ते त्या वेळी कोणाला सांगता आले नसते.