वरच्या टोकाचा गंज

तापलेली चिमणी सहसा गंजत नाही, गंजते ती भट्टी विझल्यावर. जालन्याच्या मस्तगड भागातले एक वयस्क फॅब्रिकेशन मिस्त्री हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक मात्र रंगाचा डबा उचलून ‘किती डिग्रीचा?’ एवढंच विचारतं.

आज जालना सळयांचं गाव म्हणून ओळखलं जातं. बेकरी, मंगल कार्यालय यांची धुराडी अशाच मिस्त्रींकडे येतात.

आता या मिस्त्रींचा हात थरथरतो, म्हणून ब्रश पुतण्याकडे गेला. पुतण्या थर जाड देतो. सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियम या उष्णतारोधक रंगाचा हात सुकल्यावर 20-25 मायक्रॉनचाच हवा. जाड थरात अडकलेला थिनर तापला की फोड येतात आणि पापुद्रा सुटतो.

पण मिस्त्रींची झोप उडवतं ते धुराड्याचं वरचं टोक. हा रंग साधारण 200 अंशांवर भाजला तरच पक्का होतो, तव्यात तेल मुरावं तसा. खालचा भाग 400 पर्यंत जातो, तिथे काळजी नाही. वरचं टोक जेमतेम शंभर-सव्वाशेला पोचतं. रंग कच्चाच राहतो, नखाने निघतो. आणि भट्टी विझली की धुरातली वाफ नेमकी तिथेच पाणी होते. इंधनात गंधक असेल तर ते पाणी आम्ल बनून पत्रा आतून खातं. जिथे गंज जोरात, तिथेच रंग दुबळा!

जस्ताचा पत्रा वापरावा, तर 200 अंशांपुढे तो फार काळ टिकत नाही. 419 ला जस्त वितळतंच. झिंक सिलिकेटचा प्रायमर 400 पर्यंत चालतो, पण त्याला सँड ब्लास्टिंग लागतं. शिवाय तो हवेतल्या ओलाव्यावर पक्का होतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात तो ओलावा आणायचा कुठून? पाणी शिंपडावं लागतं. शेवटी मिस्त्री वरचा तुकडा रंगवून आधी बर्नरवर भाजतात, मगच चढवतात. या रीतीवर त्यांचा फार जीव आहे.

काही रंगारी खाली साधा रेड ऑक्साइड फासतात. तो आधी जळतो आणि वरचा महाग रंगही घेऊन पडतो. भारतीय मानकात उष्णतारोधक अ‍ॅल्युमिनियम रंगाचे 600, 400 आणि 200 अंश असे तीन दर्जे आहेत, तरी जो तो 600 चाच डबा मागतो. दुसऱ्याने केलेलं धुराडं गंजून लालसर दिसलं की मनातून बरं वाटतं, हे मिस्त्री उघड सांगतात. आपलं चंदेरी धुराडं रस्त्यावरून लोकांना दिसावं, ही हौस त्यांना अजूनही आहे.

नव्या पत्र्यावरची काळी पपडी घासून काढायला हल्ली कुणाला वेळ नसतो, आणि तिच्या भेगांतूनच गंज शिरतो. नवं धुराडं करून घेणाऱ्यांनी रंगाचा डबा पाहण्याआधी मिस्त्रीला एवढंच विचारावं: पत्रा कसा घासणार, आणि वरचं टोक कुठे भाजणार?