आईची चार्जिंगची सायकल

आमची आई सत्तावीस वर्षे सायकलने ड्युटीवर गेली. सरकारी दवाखान्यात ती आया होती. सकाळपाळी असो, दुपारपाळी असो की रात्रपाळी, इंदोऱ्याहून निघायचे, कामठी रोड धरायचा, गड्डीगोदामच्या रेल्वेपुलाखालून वर येणारा चढ उभ्याने पायडल मारत चढायचा आणि हजेरीच्या आत पोहोचायचे. आम्ही तिघे भावंडे त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून बालवाडीत गेलो. दळणाचा डबा, रॉकेलची कॅन, तापाने फणफणलेला धाकटा, सगळे त्या सायकलने वाहिले. पण नुसते फिरायला म्हणून आई त्या सायकलवर कधी बसली असेल, असे आम्हाला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. गुडघे त्याच्या आधीपासूनच कुरकुरत होते. सायकल जिन्याखाली उभी राहिली, चेन गंजली, टायर बसले. एके संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता आई सहज बोलून गेली, "फुटाळ्यावर एकदा सायकलनं जायचं होतं बा मले. ड्युटीपायी राहूनच गेलं."

आमच्या घरापासून फुटाळा तलाव सात-आठ किलोमीटर. ऑटोने नेतो म्हटले तर नको म्हणाली. गाडीच्या मागे बसवून नेतो म्हटले तरी नको. तिला स्वतः जायचे होते. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, सपाट रस्त्याला सायकल चालवायला हरकत नाही, उलट गुडघे मोकळे राहतील. मात्र चढावर जोर लावू नका आणि थांबलेली सायकल एकदम रेटू नका. आता चढ आणि सिग्नल सोडून नागपुरात जायचे तरी कुठून? तेव्हा धाकट्याने बॅटरीच्या सायकलीचा विषय काढला.

आईने किंमत विचारली. पंचवीस-तीस हजार ऐकून तिने वाटाण्याची परात बाजूला सारली. "कामावर जायचं असतं तर घेतली असती. नुसतं फिराले कोणी एवढे पैसे घालते काय? चैन आहे ही!"

आम्ही त्या रात्री आपसात पुष्कळ बोललो. थोरल्याच्या मोटारसायकलचे हप्ते झाले, बहिणीचा मोबाइल झाला, धाकट्याचे बूट झाले. त्यातल्या कशालाच घरात कोणी चैन म्हटले नव्हते. हा शब्द आमच्या घरात फक्त आईच्या वस्तूला लागतो, आणि तो लावतेही तीच.

पण पैसा म्हणजे पैसा. घरातल्या सुनेने स्पष्ट सांगितले की स्वयंपाकखोलीचा स्लॅब पावसाळ्यात गळतो, आधी तो करा. ती खोटे बोलत नव्हती. मागच्या पावसाळ्यात गॅसशेगडीवर छत्री धरून पोळ्या केल्या होत्या तिने. म्हणून मे महिन्यात स्लॅब करून घेतला, आणि सायकलचा विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. आईला वाटले, विसरले पोरे.

आम्ही विसरलो नव्हतो. त्या मधल्या महिन्यांत दुकाने पाहत होतो. त्यात जे कळले ते सांगतो, कारण आपल्या वस्तीत आता बरेच जण ही सायकल घेण्याचा विचार करतात आणि दुकानदार आपल्याला पाहून काय काय खपवू पाहतात, तेही आम्ही पाहिले.

पहिल्या दुकानात गेलो तर मालकाने सायकल दाखवलीच नाही. स्कूटरसारखी एक गाडी पुढे केली. "काकूंसाठी हीच घ्या. लायसन नको, पासिंग नको." इथवर ठीक होते. पुढे आवाज खाली करून म्हणाला, "स्पीड कमी वाटली तर एक वायर काढून देतो, चाळीसने पळते." आम्ही चौकशी केली तेव्हा नियम कळला. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच ती कायद्याने मोटारवाहन ठरत नाही. तिला नंबरप्लेट लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन लागत नाही. वायर काढून वेग वाढवला की ही सवलत संपली. मग अपघात झाला तर गाडी बिननोंदणीची आणि चालवणारी बिनलायसनची. दुकानदार तेव्हा कुठे असेल, हे सांगायला नको.

शिवाय तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या. चार-चार किलोच्या चार, म्हणजे सोळा किलो वजन नुसत्या बॅटऱ्यांचेच. वाटेत चार्जिंग संपले तर ते धूड आईने ढकलत आणायचे! लिथियमची बॅटरी सायकलला दोन-अडीच किलोची येते, किल्ली फिरवली की निघते आणि हातात धरून वर नेता येते. आमचे घर पहिल्या मजल्यावर, खाली प्लग नाही. ज्यांची अशीच गत आहे त्यांनी निघणारी बॅटरी आहे की नाही, हे सगळ्यात आधी पाहावे. रंग नंतर पाहावा.

मध्ये आईनेच एक फाटा फोडला. "लुना घेऊन द्या त्यापेक्षा." तिच्या तरुणपणी दवाखान्यातल्या नर्सबाई लुनावर यायच्या, ते तिच्या मनात राहिलेले. बॅटरीवरची लुना २०२४ मध्ये खरोखरच बाजारात आली आहे, पण ती तेव्हा सत्तर हजारांच्या घरात होती, आणि तिला पासिंगही लागते नि लायसनही. बासष्टाव्या वर्षी लायसनच्या रांगेत उभे राहायला आई तयार नव्हती. तो विषय तिथेच मिटला.

मग थोरल्याला वाटले, जुन्याच सायकलला मोटर बसवावी. तसा किट मिळतो, खर्च निम्म्यावर येतो, आणि आईची सायकलही तिच्याजवळच राहते. आईला हे फार पटले. सायकल चौकातल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने ती उलटी केली, मागचा चिमटा अंगठ्याने दाबून पाहिला आणि गंजाची पापडी काढून आमच्या हातावर ठेवली. "मी बसवून देईन. माझे चार पैसे होतील. पण मोटर मागच्या चाकात राहते, सगळा जोर या चिमट्यावर येतो. आणि हे रॉडचे ब्रेक. माझी आई असती तर मी बसवले नसते." त्याने पैसे घेतले नाहीत. आईने मात्र घरी येईपर्यंत आमच्याशी शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दोन दुकानांत वेगळीच पंचाईत. तीस हजारांच्या आतल्या बहुतेक सायकली कॉलेजच्या पोरांसाठी केलेल्या. वर डांडा, हँडल खाली, माणूस पुढे वाकलेला. साडी नेसणाऱ्या बाईने त्यावर पाय कसा टाकायचा? मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, घंटीसुद्धा निराळी विकत घ्यायची. एका दुकानात बहिणीने विचारले, "दादा, बायकांसाठी काही ठेवता का नाही?" त्याने गुलाबी रंगाची तीच सायकल दाखवली.

लेडीज फ्रेमची सायकल अखेर चौथ्या दुकानात मिळाली. डांडा खाली वाकलेला, हँडल उंच. किंमत २९,५००. मागच्या चाकात २५० वॉटची मोटर, ३६ व्होल्टची साडेसात ॲम्पिअर-तासांची बॅटरी. दुकानदार म्हणाला, एका चार्जिंगमध्ये चाळीस किलोमीटर. आम्ही तिथेच कागदावर गणित मांडले. ३६ गुणिले साडेसात म्हणजे २७० वॅट-तास. पायडल न मारता नुसत्या मुठीवर चालवली तर किलोमीटरला बारा-पंधरा वॅट-तास जातात, म्हणजे अठरा ते बावीस किलोमीटर. पायडल मारत राहिलो तर पंचवीस-तीस. दुकानदार हसला. म्हणाला, "चाळीस ते कंपनीवाले सांगतात." फुटाळ्याला जाऊन येणे पंधरा-सोळा किलोमीटर, तेव्हा आम्हाला तेवढे पुरेसे होते. जास्त अंतराची मोठी बॅटरी आठ-नऊ हजारांनी महाग पडत होती. संध्याकाळच्या फेरफटक्याला ती हवी कशाला?

विजेचे म्हणाल तर एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. चार्जरमध्ये थोडी वाया जाते ती धरूनही पूर्ण चार्जिंगला युनिटचा तिसरा हिस्सा लागतो. बिलात कळतसुद्धा नाही. खरा खर्च पुढे आहे. बॅटरी काही वर्षांनी उतरत जाते आणि नवी बसवावी लागते. म्हणून आम्ही नव्या बॅटरीची आजची किंमत आणि वॉरंटी दोन्ही बिलाच्या मागे लिहून घेतले, दुकानदाराच्या सहीनिशी. तो जरा नाराज झाला, पण त्याने सही केली.

आता एक फजिती. आईला चालवून पाहायला म्हणून दुकानासमोर नेले. जुन्या सवयीने तिने एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने रेटा दिला, आणि सायकल एकदम पुढे उसळली. या सायकलीला पायडल फिरले की मोटर सुरू होते. बसणारा बसला की नाही, हे तिला कळत नाही. आई सायकलसकट पानठेल्याच्या बाकड्यावर जाऊन टेकली. लागले नाही, पण हात थरथरत होते. आम्ही घाबरलो. खरे सांगायचे तर आमच्यातल्या एकाने तिथेच म्हटले, राहू द्या, नको घ्यायला. आई बाकड्यावर बसून पाणी प्याली आणि दुकानदाराला विचारले, "ब्रेक दाबून ठेवला तं मोटर बंद राहते काय?" तो म्हणाला, "हो काकू, ब्रेक दाबला की मोटर तुटते." "मंग हे आधी सांगाले पाहिजे होतं तुम्ही." दुसऱ्या वेळी तिने ब्रेक दाबून ठेवला, नीट बसली, मग हळूच सोडला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आली. परत येताना ती आमच्याकडे पाहत नव्हती, रस्त्याकडे पाहत होती.

साडीगार्ड, मडगार्ड, कॅरिअर, टोपली, स्प्रिंगची रुंद सीट, आरसा आणि हेल्मेट मिळून २,९०० रुपये झाले. एकूण ३२,४००. आम्ही तिघांनी आठ-आठ हजार काढले. बहिणीने तिच्या भिशीतून. वरचे ८,४०० आईने दिले. हप्त्यावर घ्या, व्याज नाही, असे दुकानदार म्हणत होता, पण फाइलचार्ज म्हणून वेगळी रक्कम होती, तीच व्याजाएवढी. आम्ही रोख दिले.

आठ दिवस सकाळी सहाला विहारापुढच्या मोकळ्या जागेत सराव केला. पाय टेकावेत म्हणून सीट अगदी खाली ठेवली होती. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखू लागला. चौकातला तोच मिस्त्री म्हणाला, सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो. मग दर दोन दिवसांनी बोटभर वर घेत गेलो. आता पायाचे चवडे टेकतात आणि गुडघाही दुखत नाही. वस्तीतल्या दोन-चार बायका रोज पाहायला यायच्या. एकीने विचारले, "या वयात काहून हे?" आई म्हणाली, "त्या वयात टाइम नव्हता."

एकदा पंक्चर झाले. मागच्या चाकात मोटर आणि तिची वायर, त्यामुळे रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने हात लावायला नकार दिला. चाक न काढता, टायर एका बाजूने उतरवून, ट्यूब बाहेर ओढून पंक्चर काढता येते, हे आमच्या मिस्त्रीने दाखवले. धाकटा ते शिकला आहे. उन्हाळ्यात फिरून आल्याबरोबर बॅटरी चार्जिंगला लावत नाही, अर्धा तास सावलीत थंड होऊ देतो. रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग ठेवत नाही, आणि दाराच्या वाटेत तर मुळीच नाही.

जुनी सायकल अजून जिन्याखालीच आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. आईने त्याला दोन्ही वेळा चहा दिला आणि सायकल दिली नाही.

पहिल्यांदा फुटाळ्याला निघाली तेव्हा धाकटा मोटारसायकलने मागे मागे गेला. गड्डीगोदामचा चढ आला तशी ती सवयीने सीटवरून उठू लागली, मग आठवले तशी पुन्हा बसली, आणि बसल्या बसल्या वर चढून गेली. पुढच्या सिग्नलला तिने धाकट्याला हाताने परत जायची खूण केली.

आता ती आठवड्यातून तीन वेळा जाते. कधी कस्तुरचंद पार्कपर्यंत, रविवारी वंदना झाल्यावर एखाद्या मैत्रिणीकडे, आणि मनात आले की फुटाळ्याला. परवा साडेसात वाजले तरी आली नाही म्हणून आम्ही फोन केला. मागे फुटाणेवाल्याचा आवाज येत होता. "काय झालं? बसली आहे तलावाजवळ. चार्जिंग दोन कांड्या आहे," ती म्हणाली. "ही पुडी संपली की निघते."