दरेकसाच्या रुळांकडेचा आफ्रिकन पाहुणा

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर खिडकीची जागा सोडू नका. आमगाव गेलं, सालेकसा गेलं, की धानाच्या बांध्या मागे पडतात आणि झाडीने भरलेले डोंगर जवळ सरकू लागतात. मग येतं दरेकसा. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडचं छोटंसं स्टेशन. थोडं पुढे गेलं की छत्तीसगड लागतं. इथे रेल्वेचा बोगदा आहे, पावसाळ्यात भरभरून कोसळणारा हाजरा धबधबा आहे आणि कचारगडच्या मोठमोठ्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. कितीतरी राज्यांतून लोक येतात.

पण आज धबधबा नंतर बघू. आधी रुळाच्या कडेला बघा, नाहीतर एखाद्या घरामागच्या उकिरड्याशेजारी. पंजा पसरावा तशी मोठी पानं, तांबूस देठ आणि मऊ काट्यांच्या बोंडांचे घोस. ओळखलंत ना? एरंड!

तुम्ही म्हणाल, हा तर आपलाच. ओसाड गावी एरंड बळी, ही म्हण आपली. कुणी लांबण लावून कंटाळा आणला की आपण त्याला एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतो. आणि तोंड वाकडं केलं की आई विचारते, "एरंडेल प्यायलास की काय?" एवढं सगळं खरं, पण एरंडाचं मूळ घर ईशान्य आफ्रिकेत, इथिओपियाच्या बाजूला. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत त्याच्या बिया सापडल्या आहेत. इजिप्तचे लोक हे तेल दिव्यात जाळतात, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी 5 व्या शतकात लिहून ठेवलं. आपल्याकडेही तो फार पूर्वीच आला. चरकसंहितेत औषध म्हणून त्याचं नाव आहे.

आता घरात या. सुजलेल्या गुडघ्यावर आजी काय बांधते? तेल लावून शेकलेलं एरंडाचं पान. पोट साफ होत नसलं की एरंडेल ठरलेलं. डाळ-तांदळाला कीड लागू नये म्हणून एरंडेलाचा हात चोळून ते भरून ठेवतात. बैलगाडीच्या आसाला वंगण हेच. काजळ धरायचं तेही एरंडेलाच्या दिव्यावर. (डॉक्टर मात्र बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका म्हणतात, आणि ते ऐकावं.) होळीच्या मधोमध बऱ्याच गावांत एरंडच उभा करतात.

आणि रेल्वे? नागपूरहून छत्तीसगडकडे हा लोहमार्ग 1880 च्या दशकात टाकला गेला. त्या काळी भारतातल्या रेल्वेत दिव्यांना आणि वंगणाला एरंडेल वापरत. म्हणजे आज रुळाकडेला उगवणारा हा गडी एके काळी गाडीच्याही कामाचा होता! अजूनही जगात सर्वांत जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, त्यातही गुजरातमध्ये.

आता नीट ऐका. एरंडाची बी फार देखणी असते. गुळगुळीत, तपकिरी, वर चित्रविचित्र ठिपके. ती अगदी बैलाच्या अंगावरच्या गोचिडासारखी दिसते. लॅटिनमध्ये एरंडाचं नाव 'रिसिनस', म्हणजे गोचीडच. खेळायला ती हातात घ्यावीशी वाटते, आणि घोटाळा इथेच आहे. त्या बीमध्ये रिसिन नावाचं जबर विष असतं. चावून खाल्लेल्या थोड्याशा बियाही जिवावर बेतू शकतात. ओकाऱ्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात, त्याही काही तासांनी. तोवर मूल खेळत असतं. या विषावर उतारा नाही.

मग तेल कसं चालतं? जुन्या बायका बिया भाजून, कुटून, पाण्यात खूप वेळ उकळायच्या आणि वर आलेलं तेल काढून घ्यायच्या. रिसिन तेलात विरघळत नाही, ते चोथ्यात राहतं. आणि उकळीत त्याची ताकद जाते. रिसिन हे नाव 1888 साली पडलं. त्याच्या कितीतरी आधीपासून ही रीत घराघरांत चालत आली होती. पेंडही शेतात खत म्हणून टाकायची, गुरांपुढे नाही. पण म्हणून हा प्रयोग घरी करू नका बरं का! औषधाचं एरंडेल दुकानातून आणा, तेही डॉक्टरांना विचारून. मुलांना मनाने पाजू नये.

कुंपणाला आणखी एक झाड असतं, मोगली एरंड. चंद्रज्योत म्हणतात ते हेच. हा एरंडाचा लांबचा नातेवाईक, पण आला अमेरिका खंडातून. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात, म्हणून शाळेतली मुलं मिळून खातात आणि मिळून दवाखान्यात पोचतात. कुणी यांतली कुठलीही बी खाल्ली, तर मार बसेल म्हणून लपवू नका. लगेच मोठ्यांना सांगा, दवाखाना गाठा आणि तीच बी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

उन्हाळ्यात दरेकसाला आलात, तर दुपारी एरंडाच्या जाळीपासून दोन हात दूर उभे राहा. वाळलेलं बोंड उन्हाने तापतं आणि फट्‌कन फुटतं. बी उडून लांब जाऊन पडते. पुढच्या पावसात तिथे नवा पंजा वर येतो.